आयरिश फिडलच्या मैफलीत पियानोनं काय वाजवावं, काय सोडावं?

काळीपाच (प्रश्न)

फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि पियानो, दोघंच. गिटार नाही, बोडरान (आयरिश डफ) नाही. फिडलवादक आयर्लंडमधल्या पूर्व क्लेअरच्या शैलीत वाजवणारे, सभागृह आयर्लंडमधलंच, दोनेकशे खुर्च्यांचं, मंचावर सात फुटी ग्रँड. पियानोची बाजू माझ्याकडे. शिक्षण पाश्चात्य शास्त्रीय, त्यामुळे लिहिलेलं वाजवता येतं. पण इथे लिहिलेलं म्हणजे फक्त चाल, एका ओळीत. डाव्या हातासाठी कागदावर काहीच नाही.

अडचणी अशा आहेत. 'ई मायनर' म्हणून दिलेल्या रीलला (नाचाच्या जलद चालीला) बी सेव्हन हा कॉर्ड लावला की चाल परकी वाटू लागते. कॉर्ड बरोबर असला तरी एखादा सूर सतत घासतो, विशेषतः सी. स्लो एअरमध्ये (संथ चालीत) ठेकाच नसतो, मग बोटं नेमकी कधी ठेवायची? तीन चालींचा सेट न थांबता जातो, त्यात पुढची चाल कधी येणार हे कळायचं कसं? शिवाय झाकण, माइक, कोण कुठे बसणार हेही ठरवायचंय. कृपया ठोस सांगा, 'ऐकत राहा, आपोआप येईल' असं नको.

---

रीलवाला

बी सेव्हन आधी काढून टाका. त्यात डी शार्प आहे आणि चालीत तो सूरच नाही. तुम्हाला 'ई मायनर' म्हणून दिलेली चाल बहुतेक ई डोरियन असणार: ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी. ई हा सा धरला तर हा सरळ काफी थाट झाला, निषाद कोमल. तुम्ही त्याला शुद्ध निषाद जोडताय, म्हणून ती परकी वाटते.

आपल्या कानाला सोपं जावं म्हणून: डी मेजर म्हणजे बिलावल, डी किंवा ए मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, ई किंवा ए डोरियन म्हणजे काफी, बी मायनर म्हणजे आसावरी. साम्य सप्तकापुरतंच. वादी-संवादी, चलन वगैरे त्यात शोधू नका, तिथे काही हाती लागत नाही.

या चालींमध्ये पाश्चात्य शास्त्रीयसारखा पाच-एक (पंचमावरच्या कॉर्डवरून षड्जावरच्या कॉर्डवर) असा शेवट फारसा नसतो. दोन शेजारच्या कॉर्डमधला झोका असतो. ई डोरियनला ई मायनर आणि डी, ए डोरियनला ए मायनर आणि जी, डी मिक्सोलिडियनला डी आणि सी. आठ बारच्या भागाचा चालणारा कच्चा आराखडा घ्या: पहिले दोन बार ई मायनर, पुढचे दोन डी, पुन्हा दोन ई मायनर, सातव्यात डी, आठव्यात परत घरी. यावर तिसरा कॉर्ड आणायचाच असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत आणा, आणि एकाच जागी.

दुसरी गोष्ट, कॉर्डमधला गंधार सोडा. डी कॉर्ड म्हणजे डी-ए-डी एवढंच, एफ शार्प नाही. मेजर की मायनर हे फिडल सांगेल, कारण तो सूर चालीत येतोच आणि फिडलवादक तो स्वतःच्या उंचीवर लावतो. तुम्ही कळ दाबून तो आधीच ठरवून टाकलात तर त्याला हलायला जागा उरत नाही.

हातांच्या जागा: चाल बहुतेक वेळ मधल्या सीच्या वरच्या डीपासून पुढच्या सप्तकातल्या बीपर्यंत फिरते. तुमचे कॉर्ड मधल्या सीच्या खालच्या सप्तकात, वर फार तर जीपर्यंत. डाव्या हाताचे अष्टक अगदी तळाशी नेलेत तर वेगवान रीलमध्ये नुसती गुरगुर ऐकू येते. उजव्या हातानं चाल फिडलच्या सोबतीनं वाजवायचा मोह टाळा. फिडलवादक रोल आणि कट या हरकती घेतो, गजाचे ट्रेबल (झटपट तुकडे) टाकतो, आणि तुमच्या कळा सरळ राहतात. दोन्ही एकत्र आले की फिडल बेसूर आणि पियानो बाळबोध वाटतो.

पेडल रीलमध्ये जवळजवळ शून्य. बारच्या पहिल्या ठोक्यावर हलकंसं दाबून सोडणं, बस.

पूर्व क्लेअर म्हणालात म्हणून एक जास्तीची सूचना. तिकडे आणि शेजारच्या पूर्व गॅलवेत जी मायनर, डी मायनर, सी, एफ या पट्ट्यांची आवड आहे. जी मायनरच्या चालीत ई कधी फ्लॅट, कधी नॅचरल, एकाच भागात दोन्ही. अशा चालीला ठरलेले कॉर्ड लावण्याआधी फिडलवादकाकडून ती दोनदा ऐका आणि ई कुठे कसा येतो ते कागदावर खुणेनं लिहून घ्या. छापील पुस्तकातली चाल आणि ते वाजवतात ती चाल एकच असेल असं धरून चालू नका.

---

बारावी_पट्टी

रीलवाला यांचं सगळं मान्य, पण या सल्ल्यातून पियानोवादक इतका घाबरतो की मैफलभर पोकळ पंचम धरून बसतो. ते शांत वाटतं, पण नाचाचं संगीत मरून जातं. रील, जिग, हॉर्नपाइप ही नाचाची रूपं आहेत हे विसरून चालणार नाही.

पियानोची बदनामी झाली ती 1920 आणि 30 च्या दशकांत न्यूयॉर्कला झालेल्या 78 आरपीएमच्या रेकॉर्डिंगमुळे. स्लायगोचे मायकल कोलमन (1891–1945) यांचं फिडल ऐकावं आणि मागे पियानोवाला चाल माहीत नसल्यासारखा भलतेच कॉर्ड ठोकतोय, असं त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांत आहे. पण दुसरी परंपराही आहे. आयर्लंडमध्ये 1935 च्या डान्स हॉल कायद्यानंतर घरातले नाच परवान्याच्या हॉलमध्ये गेले, केली बँड (नाचासाठी वाजवणारे वाद्यवृंद) वाढले, आणि त्यात पियानो म्हणजे ठेक्याचा कणा झाला. क्लेअरचा टुला केली बँड 1946 पासूनचा. तुमच्या फिडलवादकांच्या कानात तो पियानो असणारच.

पियानोच्या या ठेक्याच्या साथीला व्हँप म्हणतात. रीलमध्ये डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर बास, उजवा दुसऱ्या आणि चौथ्यावर आखूड कॉर्ड. जिगमध्ये (सहा-आठ) डावा पहिल्या आणि चौथ्या आठव्यावर, उजवा तिसऱ्या आणि सहाव्यावर. उजव्या हाताचा कॉर्ड कोरडा आणि छोटा असला पाहिजे, बोट उचलण्यात खरी कला आहे. बास नुसता सा-प-सा-प असा उड्या मारू नये, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर पायऱ्यांनी चालत गेला पाहिजे: जी, एफ शार्प, ई, डी. लेट्रिममध्ये 1938 मध्ये जन्मलेले चार्ली लेनन फिडल आणि पियानो दोन्ही वाजवत. त्यांची साथ लावून फक्त डावा हात ऐका, तो स्वतः एक चाल वाटतो.

दुसरं टोक म्हणजे द ग्लोमिंग हा 2011 मध्ये जमलेला गट: क्लेअरचे मार्टिन हेज फिडलवर आणि थॉमस बार्टलेट पियानोवर. तिथे व्हँप जवळपास नाहीच. मोजके सूर, बरीच मोकळी जागा, कधी तारांवर हात ठेवून दाबलेला आवाज. लोक आता तेवढंच 'खरं' समजतात. माझ्या मते एका मैफलीत दोन्ही लागतात. शेवटचा रीलचा सेट बिनधास्त व्हँपवर घ्या.

एक चूक मात्र हमखास होते: हॉर्नपाइपला रीलचाच व्हँप. हॉर्नपाइप हळू असते आणि झुलते. दोन आठव्यांतला पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. तुम्ही तीनास एक इतकं तोडून वाजवलंत तर लष्करी कवायत होते, आणि सरळ वाजवलंत तर ती संथ रीलसारखी लंगडते.

आणि केप ब्रेटनचा पियानो ऐकून त्यातले आडवे ठोके इकडे आणू नका. कॅनडाच्या त्या बेटावरची शैली स्कॉटिश वळणाची आणि अप्रतिम आहे, पण पूर्व क्लेअरचा गज सैल आणि गोल चालतो. तो त्या माऱ्याखाली चिरडतो.

---

पिनब्लॉक

सुरांबद्दल आकड्यांत सांगतो, म्हणजे वाद राहणार नाही.

फिडलच्या तारा जी, डी, ए, ई. वादक ए लावतो आणि बाकीच्या शुद्ध पंचमानं जुळवतो. शुद्ध पंचम 702 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पियानोचा 700. ए 440 धरला तर फिडलची ई 660 हर्ट्झ, पियानोची 659.26. फिडलची डी 293.33, पियानोची 293.66. फिडलची जी 195.56, पियानोची 196.00. म्हणजे जी तार पियानोपेक्षा सुमारे 4 सेंट उतरलेली. जलद चालीत हे कुणाला कळणार नाही. स्लो एअरमध्ये मोकळी जी लांबवली आणि खाली तुम्ही जी धरलात की आंदोलनं स्पष्ट ऐकू येतात. उपाय: फिडलवादकाला फक्त ए देऊ नका, चारही सूर पियानोवरून द्या, किंवा निदान ए आणि जी.

गंधाराचं घासणं याहून मोठं. शुद्ध मेजर गंधार 386 सेंटवर, पियानोचा 400 वर. 14 सेंटचा फरक. रीलवाला गंधार सोडा म्हणतात त्याला हेही एक कारण.

पियानो कुठल्या उंचीवर आहे ते सभागृहाला आठवडाभर आधी विचारा. युरोपातले बरेच मैफलीचे पियानो 442 वर असतात. फिडलला काही फरक पडत नाही, दोन मिनिटांत वर जाईल. पण कार्यक्रमात पाहुणा म्हणून कॉन्सर्टिना किंवा अॅकॉर्डियन येणार असेल तर त्यांचे सूर पक्के असतात, आणि 440 व 442 मधला जवळजवळ 8 सेंटचा फरक तिथे लपत नाही. त्या दिवशी सकाळी पियानो 442 वरून 440 वर उतरवायला सांगू नका. एकदम बदललेला ताण संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि मैफलीच्या दुसऱ्या भागात तुम्हाला दोघांनाही बेसूर पियानो मिळेल.

जुळवणी पियानो त्याच्या जागेवर ठेवून, मंचावरचे दिवे तासभर लावून झाल्यावर. दोन तास शांतता राखून ठेवा. ध्वनितपासणी नंतर.

आणखी एक प्रश्न आधीच विचारा: फिडल चढवून किंवा उतरवून लावणार का? काही वादक चारही तारा अर्धा स्वर चढवतात, आवाजात चमक येते म्हणून. मग ते 'डी' म्हणतील आणि ऐकू येईल ई फ्लॅट, 'जी' म्हणतील आणि तुम्हाला ए फ्लॅट वाजवावा लागेल. हे मंचावर कळणं बरं नव्हे.

---

काळीपाच

खूपच उपयोगी. सी बद्दल अजून अडतंय. ए डोरियनच्या चालीत गंधार सोडून वाजवलं तरी काही जागी सी सुरात येत नाही. पियानोचा सी लावला तर उतरलेला वाटतो, सी शार्प लावला तर चढलेला.

---

रीलवाला

कारण तो दोन्ही नाही. तो अधलामधला सी आहे, सी आणि सी शार्प यांच्या दरम्यानचा, आणि प्रत्येक वादकाचा थोडा वेगळा. काही जण तो वर जाताना चढा, खाली येताना उतरता घेतात. एफलाही काही चालींत असंच होतं. आपल्याला श्रुती नवीन नाहीत, तेव्हा यात दचकण्यासारखं काही नाही. फक्त पियानोकडे ती कळ नाही.

म्हणून त्या जागी सी असलेला एकही कॉर्ड नको: सी मेजर नाही, ए मायनर पूर्ण नाही, ए मेजर नाही, एफ नाही. ए-ई किंवा जी-डी एवढंच, किंवा त्या बारमध्ये हात वर. चालीत असे सी कुठे येतात ते बहुधा ठरलेलं असतं, दोन-तीनच जागा. त्यांवर गोल करा.

---

शान_नोस

स्लो एअर आणि सेट, दोन्हींबद्दल.

बहुतेक स्लो एअर हे शान-नोस गाण्यांचे, म्हणजे आयरिश भाषेत साथीशिवाय म्हटल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांचे सूर आहेत. वाक्याची लांबी शब्दांनी ठरते, मात्रांनी नाही. त्यामुळे छापील कागदावर तीन-चार असं लिहिलेलं असलं तरी मोजू नका. फिडलवादकाला विचारून त्या गाण्याचे शब्द मिळवा, एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण ऐका, श्वास कुठे घेतला जातो ते बघा. पियानो त्या श्वासात हलतो. वाक्य सुरू असताना पंचमाचा आधार धरून ठेवा, वाक्याच्या शेवटच्या लांब सुरावर कॉर्ड बदला, आणि फिडलचा सूर लागल्यावर बदला, आधी नाही. तुम्ही आधी बदललात तर वादकाला तुमच्या मागे यावं लागतं आणि लय तिथेच बांधली जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे रिकाम्या जागा आर्पेजिओनं भरणं. शास्त्रीय शिकलेल्या हाताला शांतता सहन होत नाही. ती भरलीत की चित्रपटाचं पार्श्वसंगीत झालं. पूर्ण पेडल मात्र इथे चालतं, सूर आपोआप विरू द्या.

पियानोला खरोखर हात मोकळा करायचा असेल तर कॅरोलनच्या रचना घ्या. टर्लो ओ'कॅरोलन (1670–1738) हे अंध हार्पवादक. त्यांच्या संगीतावर इटालियन बरोकची छाप आहे, बास आणि कॉर्ड तिथे शोभतात, अगदी तुमचा पाच-एकसुद्धा. शॉन ओ रिआदा यांनी 1960 च्या दशकात जुन्या हार्पच्या धातूच्या तारांच्या आवाजाजवळ जाण्यासाठी हार्प्सिकॉर्ड वापरला होता. पियानोवर तो आवाज नाही मिळत, पण कोरडा, पेडलशिवायचा स्पर्श त्या दिशेनं जातो.

आता सेट. चालीत दोन भाग, प्रत्येकी आठ बार, दोन्ही दोनदा. एकूण 32 बार. रीलचे बारमागे दोन ठोके धरले तर 64. मिनिटाला 112 ठोक्यांच्या लयीत एक फेरी 34 सेकंदांची. तीन चाली प्रत्येकी तीनदा म्हणजे नऊ फेऱ्या, सुमारे पाच मिनिटं नऊ सेकंद. ऐकण्याच्या मैफलीत लय 96 वर आली तर सहा मिनिटं. यावरून कार्यक्रमाची लांबी बसवा. पण प्रत्येक चालीला विचारा, भाग दोनदा आहेत ना? काही रीलचे भाग एकदाच वाजतात, फेरी 16 बारमध्ये संपते, आणि पियानोवाला पहिल्या भागाच्या कॉर्डवर दुसऱ्या भागात जाऊन आदळतो. तीन, चार, पाच भागांच्या चालीही असतात.

बदलाची खूण शेवटच्या फेरीच्या दुसऱ्या भागात, पुनरावृत्तीच्या पाचव्या-सहाव्या बारला येते: नजर, भुवई, फिडलचं डोकं उचलणं, क्वचित 'हप्'. तुम्हाला दोन गोष्टी पाठ हव्यात, पुढच्या चालीची पट्टी आणि तिचे पहिले दोन बार. शंका असेल तर बदलाच्या बारमध्ये फक्त बास वाजवा, कॉर्ड नको. चुकीचा बास अर्ध्या सेकंदात विरतो, चुकीचा कॉर्ड सगळ्यांच्या लक्षात राहतो. चांगले बदल: जीवरून ए, डीवरून ए, ई डोरियनवरून डी. नवी चाल उजळून निघते ती पट्टीमुळे, म्हणून तिथे आवाज वाढवायची गरज नाही.

आणि प्रत्येक सेट 'आधी फिडल एकटं, मग खर्ज, मग पूर्ण ठेका' असा चढवू नका. एकदा छान वाटतं. तिसऱ्या सेटला प्रेक्षकाला पुढचं दिसायला लागतं. एखादा सेट दोघांनी पहिल्या सुरापासून सुरू करा, एखाद्यात मधली चाल फिडलला एकट्याला सोडा.

---

फेडर_खाली

बैठक आधी. पियानो नेहमीसारखा, तुम्ही प्रेक्षकांच्या डावीकडे, झाकण प्रेक्षकांकडे उघडणारं. नोटस्टँड काढून टाका, पाठ वाजवताय तर तो नजर आणि आवाज दोन्ही अडवतो. फिडलवादक पारंपरिक पद्धतीनं खुर्चीवर बसणार असेल तर खुर्चीला हात नकोत. जागा: कळफलकाच्या उंच सुरांच्या टोकापासून मीटर-दीड मीटर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड पण थोडं प्रेक्षकांच्या उजवीकडे वळलेलं. असं बसल्यावर त्याचा गजाचा हात तुमच्या बाजूला येतो, आणि तुम्हाला बघायचा असतो तो गजच. नजर भिडावी म्हणून तो पूर्ण तुमच्याकडे वळला की फिडलचं पोट मागच्या पडद्याकडे जातं आणि आवाज बसतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

झाकण छोट्या काठीवर ठेवा. पूर्ण उघडलं तर फिडलच्या जी तारेवरच्या चाली बुडतात. दोनशे खुर्च्यांचं खोलीसारखं सभागृह आणि आवाज बरा घुमत असेल तर फिडल-पियानोला माइकची गरजच नाही, निवेदनापुरता एक ठेवा. तालीम रिकाम्या सभागृहात होईल आणि माणसं भरली की घुमणं कमी होतं, हे लक्षात ठेवून तालमीत आवाज थोडा जास्त घुमू द्या.

माइक लागलेच तर फिडलला छोट्या पडद्याचा कंडेन्सर, 30 ते 40 सेंटीमीटर वर, गजाच्या टोकाच्या वाटेत न येणारा. फिडलला चिकटवायचा माइक सोयीचा, पण गजाची खरखर जास्त उचलतो. फिडलचा सगळ्यात खालचा सूर 196 हर्ट्झचा, म्हणून 150 च्या खालचं कापून टाका. पियानोत दोन माइक, तारांपासून 20–25 सेंटीमीटर. मॉनिटर शक्यतो नको. द्यावाच लागला तर फिडलवादकाला थोडा पियानोचा डावा हात, इतकंच.

पाय! पारंपरिक फिडलवादक टाचेनं ठेका धरतो. लाकडी मंचावर तो माइकच्या स्टँडमधून मोठ्या ढोलासारखा येतो. स्टँडखाली जाड रबर, माइकला धक्के शोषणारी पकड. टाच पूर्ण घालवू नका, लोकांना ती हवी असते, पण ती खोलीतून ऐकू यावी, स्पीकरमधून नाही.

---

काळीपाच

बसण्याची दिशा उलटीच ठरली होती, बदलतो. एक शेवटचं: तारा हातानं दाबायचं वर आलंय. ते एका सेटमध्ये करून बघितलं तर पियानोला इजा होते का?

---

पिनब्लॉक

सभागृहाची लेखी परवानगी घ्या, बरेच जण नाही म्हणतात. बोटांच्या घामानं तारा गंजतात, विशेषतः तांबं गुंडाळलेल्या बासच्या तारा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, अंगठी आणि घड्याळ काढा, डँपरना (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्यांना) अजिबात हात लावू नका. हातापेक्षा सुरक्षित म्हणजे मऊ फेल्टची पट्टी, लागणाऱ्या तारांवर आडवी टाकायची आणि सेट संपला की उचलायची. काही चिकटवायचं नाही. कुठल्या सुरांवर ठेवायची ते तालमीतच ठरवा. मंचावर वाकून डी शोधत बसलात तर फिडलवादकाला चालीची आणखी एक फेरी घ्यावी लागेल.